क्ष-किरणांचे पथ्य



आज येथे जमलेल्या मंडळींत ज्याने जन्मात एकदाही क्ष-किरणांचे चित्र काढून घेतलेले नाही असा माणूस क्वचितच असेल. कोणाचा हात मोडला असेल, कोणाची दाढ दुखली असेल, कोणाचा खोकला हटेना म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढावयास सांगितले असेल. त्या खोलीतला अनुभव सर्वांचा सारखाच असतो. तंत्रज्ञ आपल्याला एका थंडगार पाटीला छाती टेकवून उभे करतो, खांदे पुढे घ्यावयास लावतो, ‘दीर्घ श्वास घ्या, रोखून धरा’ असे बजावतो आणि स्वतः मात्र लगबगीने आडोशाला जातो. कसलासा आवाज होतो, ‘झाले, शर्ट घाला’ हे शब्द कानी पडतात आणि आपण बाहेर येतो. परंतु बाहेर येता येता एक शंका मनाला चाटून जातेच : हा गृहस्थ आडोशाला का गेला? जे त्याला बाधेल ते मला बाधणार नाही काय?

शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल. पण ते नीट पटावयाचे तर थोडे मागे जावे लागेल. कारण क्ष-किरणांच्या बाबतीत जी पथ्ये आज आपण पाळतो, ती कोणी ग्रंथात बसून रचलेली नाहीत. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशा रीतीने ती हाती आलेली आहेत. आणि ही ठेच साधीसुधी नव्हती.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे प्राध्यापक विल्हेल्म रंटजेन हे काचेच्या निर्वात नळीतून वीज सोडून प्रयोग करीत होते. नळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेली होती. तरी जवळच ठेवलेला, विशिष्ट रसायन लावलेला एक पडदा अंधारात चमकू लागला. नळीतून काहीतरी बाहेर पडत होते, ते पुठ्ठ्यातून आरपार जात होते आणि डोळ्यांना दिसत नव्हते. हे किरण कोणते ते ठाऊक नव्हते, म्हणून बीजगणितातल्या अज्ञात राशीप्रमाणे त्यांनी त्यांना ‘एक्स’ हे नाव दिले. आपण मराठीत त्यांनाच ‘क्ष’ म्हणतो. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीचा हात छायापट्टिकेवर ठेवून चित्र घेतले. बोटांची हाडे आणि बोटातली अंगठी त्यात स्पष्ट उमटली. रंटजेन यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

शोधाची वार्ता जगभर पसरण्यास महिनासुद्धा लागला नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे डॉक्टर जॉन हॉल-एडवर्ड्‌स यांनी जानेवारी १८९६ मध्येच हातात रुतलेल्या सुईचे चित्र काढून दाखविले. शरीर न चिरता आतले पाहता येऊ लागले, ही केवढी क्रांती! पण तिच्याबरोबर एक घातक भ्रम आला. जे दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा स्पर्श कळत नाही, ते इजा काय करणार, असे सर्वांस वाटले.

त्या काळी नळीतून निघणारे किरण पुरेसे तीव्र आहेत की नाहीत, हे पाहण्याची रीत मोठी सोपी होती. काम करणारा माणूस आपलाच हात नळी आणि पडदा यांच्यामध्ये धरी. हाडे स्वच्छ दिसली, की नळी ठीक आहे असे समजावयाचे. दिवसातून कितीतरी वेळा हे चाले. काही महिन्यांतच या मंडळींच्या हातांची कातडी लाल होऊन सोलू लागली, नखे गळू लागली, न भरणाऱ्या जखमा झाल्या आणि पुढे काही वर्षांनी त्याच जागी कर्करोग उद्भवला. अमेरिकेत एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचे हात कापावे लागले आणि १९०४ साली ते मरण पावले. एडिसन यांनी क्ष-किरणांचे काम कायमचे सोडून दिले. ज्या हॉल-एडवर्ड्‌स यांनी दुसऱ्याच्या हातातली सुई शोधून दिली, त्यांचाच डावा हात १९०८ साली कापून टाकावा लागला. फिलाडेल्फियाचे डॉक्टर मिह्रान कसाबियन यांनी स्वतःच्या हातांचा नाश कसकसा होत गेला त्याची छायाचित्रे इतरांच्या उपयोगासाठी जपून ठेविली. १९१० साली तेही गेले.

१९३६ साली जर्मनीत हॅम्बुर्ग येथील एका इस्पितळाच्या आवारात या सर्वांच्या स्मरणार्थ एक दगडी स्तंभ उभारण्यात आला. त्यावर प्रथम निरनिराळ्या देशांतील १६९ नावे कोरली होती. पुढे त्यांत भर पडत गेली. रोग्यांची सेवा करताना ज्यांनी आपले हात आणि प्राण गमावले, त्यांची ही नावे आहेत. आपण ज्याला सुरक्षिततेचे नियम म्हणतो त्यांची पहिली प्रत या दगडावर आहे, असे म्हटले तरी चालेल.

आता हे किरण शरीरात जाऊन करतात तरी काय, ते पाहू. क्ष-किरण हे प्रकाशाच्याच कुळातले. परंतु त्यांची ऊर्जा फार मोठी. शरीरातून जाताना त्यांपैकी काही आरपार जातात. त्यांच्यामुळेच चित्र उमटते. काही मात्र वाटेत शोषले जातात किंवा इतस्ततः विखुरतात. असे होताना ते पेशींतील अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात. पेशीच्या केंद्रात आनुवंशिक गुणांचा आराखडा सांभाळणारे जे लांबलचक रेणू असतात, त्यांचे धागे यामुळे तुटू शकतात. घाबरण्याचे कारण नाही. असे धागे आपल्या शरीरात रोजच इतर कारणांनीही तुटत असतात आणि पेशी ते मुकाट्याने सांधीत असते. मात्र तुटातूट एकदम फार झाली तर पेशी मरतात. आणि एखादा सांधा चुकीचा बसला तर पेशी जगते, पण बिघडून जगते.

यावरून अपायाचे दोन प्रकार होतात. पहिला प्रकार भाजल्यासारखा आहे. कातडी लाल होणे, केस गळणे, डोळ्यांत मोतीबिंदू होणे हे परिणाम ठराविक मात्रेच्या खाली दिसत नाहीत आणि मात्रा वाढेल तसे तीव्र होतात. नेहमीच्या क्ष-किरण चित्रात ही मर्यादा कोठल्या कोठे दूर असते. दुसरा प्रकार सोडतीसारखा आहे. बिघडलेल्या पेशीतून वर्षानुवर्षांनी कर्करोग उद्भवेल किंवा उद्भवणारही नाही. मात्रा वाढली तर रोग अधिक तीव्र होतो असे नव्हे, तर तो होण्याचा संभव वाढतो. जितकी तिकिटे अधिक, तितका नंबर लागण्याचा संभव अधिक. फरक इतकाच, की या सोडतीत नंबर न लागण्यातच भाग्य आहे.

हे ज्ञानही हळूहळू आले. १९२७ साली हर्मन मुलर यांनी फळांवरच्या माशांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या संततीत उतरणारे बदल घडवून दाखविले. हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँबमधून वाचलेल्या लोकांच्या प्रकृतीचा मागोवा गेली कित्येक दशके घेतला जात आहे. अशा लोकांत कर्करोगाचे प्रमाण मात्रेबरोबर वाढते, असे त्यावरून दिसून आले. त्यांच्या मुलांत मात्र आनुवंशिक दोष वाढल्याचा पुरावा सापडलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. इंग्लंडात डॉक्टर ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ आणि १९५८ साली असे दाखविले, की ज्यांच्या आयांच्या पोटाची चित्रे गरोदरपणी काढली गेली होती, त्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक होते. आरंभी त्यांच्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नाही. पुढे इतर पाहण्यांनीही त्याला दुजोरा दिला आणि गरोदर स्त्रीच्या पोटाचे चित्र काढण्याची सररास चाल मागे पडली.

अगदी अल्प मात्रेचा अपाय मोजून दाखविणे फार कठीण असते. म्हणून शास्त्रज्ञांनी सावधगिरीचा मार्ग पत्करला आहे : मात्रा कितीही लहान असली तरी तिचा तितकाच लहान धोका आहे, असे धरून चालावयाचे. व्यवहारात आपणही असेच करतो. पाणी गढूळ आहे की नाही हे कळले नाही, तर आपण ते गाळून उकळूनच पितो.

आता या मात्रेचे मोजमाप. तिच्यासाठी ‘मिलिसीव्हर्ट’ हे माप वापरतात. स्वीडनचे शास्त्रज्ञ रॉल्फ सीव्हर्ट यांच्यावरून त्याला हे नाव पडले. हे माप समजण्यास निसर्गाचाच आधार घेऊ. आकाशातून येणारे विश्वकिरण, जमिनीतील व घराच्या भिंतींतील किरणोत्सर्गी द्रव्ये, हवेतला रेडॉन वायू, इतकेच काय पण आपल्या अन्नातले पोटॅशियम, यांच्याकडून आपणा सर्वांस जन्मापासून मात्रा मिळतच असते. जगाची सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट आहे. छातीच्या एका साध्या चित्राची मात्रा सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्ग आपल्याला तीन दिवसांत देतो तितकी. दाताच्या छोट्या चित्राची याहूनही कमी. कमरेच्या मणक्यांच्या चित्रांची सुमारे १.५, म्हणजे सात महिन्यांची. आणि पोटाचा सी. टी. स्कॅन घेतला, तर साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट, म्हणजे निसर्गाची तीन-चार वर्षांची मात्रा एका बैठकीत. यंत्र, रोग्याचा देह आणि तपासणीची पद्धत यांप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात. पण त्यांचे परस्परांतले अंतर ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘एक फोटो काढला’ हे शब्द तेच, परंतु त्यामागच्या मात्रेत शेकडो पटींचा फरक असू शकतो.

१० मिलिसीव्हर्टचा धोका तरी किती? प्रचलित अंदाजाप्रमाणे अशी तपासणी झालेल्या सुमारे दोन हजार माणसांत एकाला पुढे केव्हातरी त्यामुळे प्राणघातक कर्करोग होण्याचा संभव धरतात. अमेरिकेतील हिशेब असा, की दोन हजारांपैकी सुमारे चारशे माणसे एरवीही कर्करोगानेच मरतात. म्हणजे चारशेचे चारशे एक. एका माणसाच्या दृष्टीने हा धोका लहान आहे. ज्याचे आंत्रपुच्छ फुटण्याच्या बेतात आहे त्याने तो मनातही आणू नये. पण वर्षभरात कोट्यवधी तपासण्या होतात. त्यांतल्या निष्कारण किती, हा प्रश्न मग लहान राहत नाही.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९२८ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या क्ष-किरण तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एक समिती नेमण्यात आली. तीच आजची प्रारण-संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती. तिने १९७७ साली तीन तत्त्वे एकत्र मांडली. मी त्यांना प्रयोजन, काटकसर आणि मर्यादा अशी नावे देतो.

पहिले तत्त्व प्रयोजनाचे : ज्यापासून अपायापेक्षा लाभ अधिक, तेवढेच करावे. ऐकावयास किती साधे! पण हे किती मोडले गेले याचे एक मासलेवाईक उदाहरण सांगतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड-अमेरिकेतल्या बुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची पेटी ठेवलेली असे. पोरांनी नवा बूट घालून तीत पाय सारावा आणि आईबापांनी वरून वाकून बोटांची हाडे पाहावी. पोरांना मौज वाटे, गिऱ्हाईक खूष होई. लाभ दुकानदाराचा, मात्रा मात्र पोरांच्या पायांना! १९५७ साली पेनसिल्व्हेनिया राज्याने या पेट्यांवर बंदी घातली आणि हळूहळू त्या सर्वत्र नाहीशा झाल्या.

प्रयोजन हे स्थळकाळाप्रमाणे बदलते. ज्या देशात क्षय दुर्मिळ झाला, तेथे सरसकट सर्वांच्या छातीची चित्रे काढीत सुटणे व्यर्थ ठरते. पण आपल्या देशात क्षय अद्याप ठाण मांडून बसलेला आहे. येथे दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या माणसाने छातीचे चित्र काढण्यास कां-कूं करणे म्हणजे स्वतःशी आणि घरातल्या मुलाबाळांशी वैर करणे होय. चित्र तेच, एका ठिकाणी उधळपट्टी, दुसऱ्या ठिकाणी कर्तव्य.

दुसरे तत्त्व काटकसरीचे : प्रयोजन ठरले, तरी काम भागेल इतकीच मात्रा वापरावी. रंटजेन यांच्या पत्नीच्या हाताच्या चित्रास सुमारे पंधरा मिनिटे लागली होती; आज छातीचे चित्र सेकंदाच्या अल्पशा अंशात निघते. यंत्राच्या तोंडाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. जे दुबळे किरण चित्रापर्यंत पोहोचतच नाहीत, नुसते कातडीत मुरतात, त्यांना तो वाटेतच अडवितो. किरणांचा झोत शिशाच्या पट्ट्यांनी आवळून पाहिजे तेवढ्याच भागावर पाडतात. गुडघ्याचे चित्र काढावयाचे तर झोत मांडीवर आणि पोटावर पडता कामा नये. आणि काटकसरीचा सर्वांत मोठा नियम म्हणजे चित्र पहिल्या खेपेलाच चांगले काढणे. कारण दुसऱ्यांदा काढलेल्या चित्राने मात्रा दुप्पट होते. ‘हलू नका’ असे तंत्रज्ञ आपल्याला दरडावतो, त्यात आपलेच हित असते.

या बाबतीत नव्या यंत्रांनी एक नवी फसगत आणली आहे. पूर्वी मात्रा जास्त झाली की फिल्म काळी पडे आणि चूक लगेच पकडली जाई. आजच्या संगणकी यंत्रात मात्रा अधिक झाली तरी चित्र सुरेखच दिसते, किंबहुना अधिक सुरेख दिसते. त्यामुळे नकळत ती वाढत जाण्याचा संभव असतो. २००९ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील एका इस्पितळात असे उघडकीस आले, की मेंदूच्या एका विशिष्ट सी. टी. तपासणीत दोनशेहून अधिक रोग्यांना नेमलेल्या मात्रेच्या सुमारे आठपट मात्रा अठरा महिनेपर्यंत दिली जात होती. काही रोग्यांचे केस झडले, तेव्हा शंका आली. यंत्र मोडलेले नव्हते. त्यात भरून ठेवलेले आकडेच चुकीचे होते आणि कोणी ते तपासले नव्हते. यंत्र जितके शहाणे, तितके त्यापाशी उभ्या असलेल्या माणसाने जागे राहिले पाहिजे.

तिसरे तत्त्व मर्यादेचे. जे लोक क्ष-किरणांपाशी काम करतात, त्यांना भारतात पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० यांपलीकडे मात्रा मिळू नये, असा दंडक आहे. इतर नागरिकांना अशा धंद्यांपासून वर्षाला १ मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक मिळू नये. यावर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले. त्याची कचेरी मुंबईत अणुशक्तिनगर येथे आहे. क्ष-किरण यंत्र चालविण्यास त्याचा परवाना लागतो.

आता येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावी. ही मर्यादा रोग्याला लागू नाही! रोग्याला अमुक इतक्याच मात्रेची तपासणी करावी, असा आकडा कायद्याने बांधलेला नाही आणि तो बांधणे योग्यही होणार नाही. ज्याचा जीव एका तपासणीवर अवलंबून आहे त्याला ‘तुझा कोटा संपला’ असे कसे म्हणावयाचे? म्हणून रोग्याचे सारे संरक्षण पहिल्या दोन तत्त्वांवर, म्हणजे प्रयोजनावर आणि काटकसरीवर उभे आहे. काटकसर तंत्रज्ञाच्या हाती. प्रयोजन मात्र डॉक्टरांच्या हाती, आणि थोडेफार आपल्याही हाती.

आता त्या आडोशाला गेलेल्या तंत्रज्ञाकडे वळू. तो दिवसाकाठी कितीतरी चित्रे काढतो, आणि हे वर्षानुवर्षे. त्याला स्वतःला त्या चित्रांपासून आरोग्याचा लाभ काडीमात्र नाही. वैद्य रोग्याला मात्रा देतो, पण प्रत्येक रोग्याबरोबर स्वतःही चाटण चाटत नाही. हेच आपल्या शंकेचे उत्तर. आपण मात्रा एकदाच घेतो, ती आपल्या कामाची असते. तो रोज घेईल तर तिचा डोंगर होईल, आणि तोही फुकटचा. हॅम्बुर्गच्या स्तंभावरची माणसे आडोशाला गेली नाहीत, म्हणून त्यांची नावे तेथे कोरावी लागली.

त्याचे संरक्षण तीन गोष्टींनी होते : वेळ, अंतर आणि आडोसा. किरणांजवळचा वेळ जितका कमी तितके बरे, हे उघड आहे. अंतराचे गणित दिव्यावरून समजेल. भिंतीपासून एक हात अंतरावर दिवा धरा. मग दोन हातांवर न्या. तोच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणून भिंतीवर तो एकचतुर्थांश होतो. तीन हातांवर नेला तर एकनवमांश. दोन पावले मागे सरण्यात केवढा गुण आहे! आणि आडोसा म्हणजे शिसे बसविलेला पडदा किंवा जाड भिंत. अर्धा मिलिमीटर शिशाच्या योग्यतेचा एप्रन रोग्याच्या शरीरावरून विखुरणाऱ्या किरणांपैकी शंभरातले नव्वदांहून अधिक अडवितो. कारण चित्र काढताना रोग्याचा देह हाच त्या खोलीत किरण उधळणारे दुसरे ठिकाण बनतो. बटण सोडले की मात्र सर्व संपते. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड शिल्लक राहत नाही. तसेच खोलीत, कपड्यांत किंवा रोग्याच्या अंगात काहीही मागे उरत नाही. चित्र काढून घरी आलेल्या माणसाजवळ तान्हे मूल देण्यास मुळीच हरकत नाही.

तंत्रज्ञाच्या छातीवर आपण एक लहानसा बिल्ला पाहिला असेल. त्यात खास रसायनाच्या चकत्या असतात. त्यांवर किरण पडले की त्याची नोंद त्या आपल्या पोटात साठवून ठेवतात आणि नंतर तापवल्या असता तेवढा प्रकाश देतात. ठराविक मुदतीने हे बिल्ले तपासून कोणाला किती मात्रा मिळाली ते काढले जाते. बिल्ला किरण अडवीत नाही; तो फक्त हिशेब ठेवतो. तो खुंटीला टांगून काम करणारा माणूस दुसऱ्या कोणाला नव्हे, स्वतःलाच फसवितो.

शिशाच्या एप्रनवरून आणखी एक गोष्ट. पूर्वी रोग्याच्याही ओटीपोटावर शिशाचे झाकण ठेवण्याची रीत होती. अलीकडे, २०१९ पासून, तज्ज्ञांच्या संस्था ही रीत सरसकट पाळू नये असे सांगू लागल्या आहेत. आजच्या यंत्रांत मात्रा मुळातच उतरली आहे. शिवाय झाकण झोताच्या वाटेत आले, तर हवा तो भाग झाकला जातो आणि आपोआप मात्रा ठरविणारे यंत्र उलट ती वाढविते. तेव्हा झाकण दिले नाही म्हणून तंत्रज्ञाशी भांडू नये. शास्त्राची पथ्येही अनुभवाने सुधारत असतात.

शेवटी आपण काय करावे, ते सांगतो. माझ्या पाहण्यात दोन प्रकारची माणसे येतात. पहिल्या प्रकारची माणसे भितात. छातीचे चित्र निघाले आणि मग दिवस गेल्याचे कळले, म्हणून घाबरून गर्भ काढून टाकण्याच्या गोष्टी करणारे एक जोडपे मला भेटले होते. वस्तुतः अशा चित्रात गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा एक मिलिग्रेचा शंभरावा भागही नसते. आणि १०० मिलिग्रेच्या खालची मात्रा हे गर्भपाताचे कारण होऊ शकत नाही, असे आंतरराष्ट्रीय समितीने २००० सालीच स्पष्ट केले आहे. दिवस गेले असण्याचा संभव असेल, तर चित्राआधी सांगावे, ते लपवू नये. पण नकळत चित्र निघाले, तर धीर सोडू नये.

दुसऱ्या प्रकारची माणसे हौशी असतात. माझे एक स्नेही कंबर धरली म्हणून तीन महिन्यांत तीन ठिकाणी गेले. प्रत्येक ठिकाणी कमरेची नवी चित्रे निघाली, कारण जुनी चित्रे त्यांनी कोठे ठेवली ते त्यांनाच आठवेना. तिन्हींत निष्पन्न एकच : वयोमानाने मणके थोडे झिजले आहेत. वास्तविक साध्या कंबरदुखीत, पायांत बधिरपणा, ताप, अपघात यांसारखी शंकास्पद लक्षणे नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत चित्राची गरजच नसते. एका डॉक्टरांनी त्यांना तसे सांगितलेही होते. तेव्हा आमचे स्नेही रागावून म्हणाले, ‘फोटो न काढताच हे कसले डॉक्टर!’ अशा वेळी चांगला डॉक्टरसुद्धा वाद टाळण्यासाठी चिठ्ठी लिहून देतो. दोष मग कोणाचा?

मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे. त्यांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही लांब असते. इंग्लंडात पावणेदोन लाखांहून अधिक लोकांच्या बालपणीच्या सी. टी. तपासण्यांचा मागोवा घेऊन २०१२ साली असा निष्कर्ष काढण्यात आला, की दहा वर्षांखालील दहा हजार मुलांच्या डोक्याच्या तपासण्यांमागे पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूतील गाठीचा एक असे जादा रोगी संभवतात. मूल पडून बेशुद्ध झाले, ओकू लागले, तर ही तपासणी त्याचा जीव वाचवील. तेथे क्षणाचाही विलंब नको. पण टेंगूळ आले आणि मूल हसत खेळत आहे, अशा वेळी ‘एकदा स्कॅन करूनच टाका’ असा हट्ट आईबापांनी धरू नये.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. डॉक्टरांना विनयाने विचारावे : या चित्रावरून माझ्या उपचारात काय फरक पडणार आहे? सोनोग्राफीसारख्या, या किरणांवाचून होणाऱ्या तपासणीने काम भागेल काय? चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. जुनी चित्रे आणि अहवाल दागिन्यांसारखे जपून ठेवावे आणि प्रत्येक वेळी बरोबर न्यावे. चित्र चालू असताना उगाच नातेवाइकांनी खोलीत गर्दी करू नये. लहान मुलाला धरावेच लागले, तर गरोदर नसलेल्या एकाच माणसाने एप्रन घालून धरावे आणि आपला हात झोतात येऊ देऊ नये. आणि गरज पटली, की निःशंक मनाने पाटीपुढे उभे राहावे, श्वास रोखून धरावा.

तंत्रज्ञ आडोशाला गेला, तर तो आपल्याला सोडून पळाला असे समजू नका. ज्यांनी आपला उघडा हात झोतात धरला, त्यांचे शहाणपण तो पाळीत आहे. त्याला त्याचे पथ्य आहे, तसे आपल्यालाही आपले आहे. आणि ते इतकेच, की त्या पाटीपुढे कारणावाचून उभे राहू नये आणि कारण असता मागे सरू नये.